पाखाडीवरचा एक दगड

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या शेडमध्ये अजून कंदील जळत होता, आणि कंदिलापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात हरेश्वर कामाला लागलेला होता. डोलीचं, म्हणजे भरतीओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधायचं पिशवीसारखं, फाटलेलं जाळं त्यानं मांडीवर ओढून घेतलं होतं. डाव्या हाताची बोटं जाळ्याची तुटलेली घरं हुडकत पुढे सरकत होती आणि उजव्या हातातली लाकडी सुई त्यांच्या मागोमाग सूत ओढत चालली होती. कंदिलाशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. लहानपणी देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. आता त्याचे केस पिकले होते.

"हरेश्वरदादा, तू रातचाच काम करत जा," पलीकडून हिराजी म्हणाला. "तेवढंच तेल वाचंल."

"आनि तू दिवसाचा करत जा. काल तू मारलेल्या गाठी आज मी सोडवत बसलोय. दिसतंय तुला, तरी अशी गाठ?"

शेडमधली माणसं हसली. हिराजीही हसला. हरेश्वरचा मुलगा धर्मा आणि हा हिराजी एकाच होडीवर होते. होडी दुपारच्या ओहोटीबरोबर निघायची होती, म्हणून सकाळी दोघं मोकळे होते. धर्मा मात्र त्या दिवशी शेडकडे फिरकला नव्हता. हरेश्वरला त्याचं नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईचं, म्हणजे हरेश्वरच्या बायकोचं, वर्षश्राद्ध होतं. घरात कामं असणारच.

ही १९५७ सालच्या कार्तिकातली गोष्ट. अंधेरी स्टेशनापासून पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहान कोळीवाड्यात ती घडली.

उपनगरांत पाखाडी हा शब्द बहुतेकांना पत्त्यातून माहीत असतो. अंधेरी, पार्ले, मालाड या बाजूंना कितीतरी जुन्या वस्त्यांच्या नावात तो आहे, आणि पोस्टमन पाखाडी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर घरं असतात. कोकणातला माणूस त्याच शब्दाला पायाखाली बघतो. दगड बसवून बांधलेली वाट ती पाखाडी. चढणीवर असली तर पायऱ्यापायऱ्यांची. वाटेवरून वस्ती झाली, वस्तीला वाटेचं नाव पडलं, मग पुष्कळ ठिकाणी दगड गेले आणि नाव तेवढं राहिलं. या कोळीवाड्यात दोन्ही शिल्लक होती. देवळापासून किनाऱ्यापर्यंत काळ्या दगडांची अरुंद वाट होती आणि तिच्या दोन्ही अंगांना वाळू, वाळूपलीकडे घरांचे ओटे. नवी सून लग्न होऊन आली की 'पाखाडी चढली' म्हणत. माणूस गेलं की 'पाखाडी उतरलं', कारण स्मशान किनाऱ्याला होतं. घरात भांडणाऱ्या भावांना म्हातारे सांगत, "पाखाडीवर या", म्हणजे चारचौघांत येऊन बोला.

हरेश्वरला हा शब्द आईनं वेगळ्या कामासाठी दिला होता. डोळे गेल्यानंतर काही महिने तो घराबाहेर पडेना. मग एके दिवशी आईनं त्याला अनवाणी वाटेवर उभं केलं आणि म्हणाली, "पायाखाली दगड हाय तवर तू घरचा. वालू लागली का थांब आनि हाक मार." तेव्हापासून त्यानं काठी धरली नाही. कुठला दगड पसरट, कुठला एका अंगाला कललेला, कुठल्याच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं, कुठल्यावर टाच आपटली की पोकळ आवाज येतो, हे सगळं त्याच्या तळपायांना पाठ होतं. घरातून शेडमध्ये आणि शेडमधून घरी तो एकटा जाई. कुणी हात धरायला आलं तर चिडे.

लग्न झालं तेव्हा कृष्णाबाईला लोकांनी सांगितलं होतं, आंधळ्याशी संसार म्हणजे जन्माचं ओझं. तिनं पहिल्या आठवड्यातच त्याला शेडकडे जाताना पाठीमागून पाहिलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "माजा भाऊ डोले असून ठेचकालतो." त्यानंतर या विषयावर ती कधी बोलली नाही. पहाटे किनाऱ्यावर मासळी घ्यायची, टोपली डोक्यावर ठेवायची, अंधेरीच्या बाजारात बसायचं, दुपारी परत यायचं, असं तिचं आयुष्यभर चाललं. संध्याकाळी ती त्याला बाजार सांगे. कोण काय नेसून आलं होतं, कुठल्या बाईनं पापलेटाचा कल्ला वर करून नाक मुरडलं, पार्ल्याच्या कुठल्या गुरुजींनी बोंबील घ्यायला आडोशानं नोकर पाठवला. ती नकला चांगल्या करी. हरेश्वरनं अंधेरीचा बाजार पाहिला नव्हता, पण तिथल्या बाया तो आवाजांवरून ओळखत असे, आणि ते आवाज सगळे कृष्णाबाईचे होते.

आदल्या वर्षी कार्तिकात, वद्य तृतीयेला, ती पाखाडीवर पडली.

पहाटेची वेळ होती. होडी नुकतीच लागली होती. धर्मानं मासळीच्या टोपल्या वर आणल्या, वाटेत एका दगडावर टेकवल्या आणि त्यांतलं पाणी तिथंच निथळू दिलं. सगळेच तसं करीत. तेवढ्यात कृष्णाबाई भरलेली टोपली घेऊन त्याच वाटेनं वर आली. त्या दगडावर तिचा पाय सटकला. टोपली पुढे गेली, ती मागे पडली आणि डोकं दगडावर आपटलं.

आरडाओरडा ऐकून हरेश्वर घरातून धावत आला. हो, धावत, पाहणाऱ्यांनी ते नंतर बरेच दिवस सांगितलं. तो त्याच दगडावर बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंधेरीच्या डॉक्टरांकडे न्यायला बैलगाडी आणायची धावपळ सुरू झाली. गाडी येईपर्यंत ती एकदाच बोलली. "टोपली बघा," म्हणाली. गाडी आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

त्यानंतर कोळीवाड्यातल्या लोकांना एक गोष्ट दिसू लागली. हरेश्वर शेडकडे निघाला की सरळ येई. पण त्या दगडाच्या आधीच्या दगडावर, ज्याचा एक कोपरा उडालेला होता, तो थांबे. मग डावीकडे वाळूत उतरे, चांगुणाच्या ओट्याला हात लावून पुढे जाई आणि पलीकडच्या दगडावर परत चढे. चांगुणा म्हणजे हिराजीची बायको. तिचं घर नेमकं तिथंच होतं. ज्या माणसाला आईनं वाळू लागली की थांब म्हणून शिकवलं होतं, तो रोज दोनदा आपण होऊन वाळूत उतरत होता. एकदा ओट्याशी कुणी वल्ही ठेवली होती, त्यांत अडकून तो पडला. गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळूतूनच गेला.

लोकांनी त्याचा अर्थ लावला. म्हातारा त्या दगडाचं तोंड बघत नाही, असं ते म्हणत, आणि आंधळ्याबद्दल आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर गप्प होत.

त्याला खरं कारण विचारलं ते एकट्या सरूबाईनं. सरू म्हणजे धर्माची बायको. सासूच्या मागे टोपली तिनं उचलली होती, आणि अंधेरीच्या बाजारात सासूच्याच जागेवर ती बसत असे. गुडघ्याला हळद लावता लावता ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, भीती वाटते का त्या दगडाची? का राग हाय?"

"राग कसला गो? दगडानं काय केलं?"

"मग?"

हरेश्वरनं गुडघा ओढून घेतला. मग म्हणाला, "तिचं डोकं हाय तिथं. पाय कसा ठेवू?"

सरूनं हळदीची वाटी खाली ठेवली.

"वरून ओलांडून जाता येईल," तो म्हणाला. "पन मानसाला ओलांडत नाय. म्हनून वालूतून जातो." थोड्या वेळानं त्यानं आणखी एक सांगितलं. "धर्माला बोलू नको. मी तिला जपतो असं कललं, तर त्याला त्याच्या टोपल्यांचं पानी आठवंल. दगडाचा राग आलाय म्हनून समजतोय ना? समजू दे."

सरूनं वाटी पुन्हा उचलली. नवऱ्याला पाण्याची आठवण द्यायची गरज नव्हती, हे तिला ठाऊक होतं. धर्मा झोपेत दचकून उठे आणि अंगणात जाऊन बसे. टोपल्या आता तो किनाऱ्यावरच निथळवी आणि दुसऱ्या कुणी पाखाडीवर टेकवल्या तर अंगावर जाई. बाप वाळूत उतरताना दिसला की तो मान फिरवी. त्या दगडापायी बापाला रोज वाकड्या वाटेनं जावं लागतं आणि ते आपल्यामुळे, एवढंच त्याला कळत होतं.

त्या कोळीवाड्यात एक जुनी रीत होती. ज्या वस्तूनं माणूस नेलं ती वस्तू वस्तीत ठेवायची नाही. वर्ष सरायच्या आत दर्याला द्यायची. चांगुणाच्या सासऱ्यावर डोलकाठी मोडून पडली होती. चांगलं सागवान होतं, पण ती काठी खोल पाण्यात नेऊन सोडली. दगड कुणी आजवर दिला नव्हता. दगड वस्तूत धरायचा की वाटेत, यावर हिराजी आणि धर्माचं बोलणं झालं. "मानूस नेलं ना त्यानं? मग झालं," हिराजी म्हणाला. "आनि दादाची वाट तरी सरल होईल."

म्हणून वद्य द्वितीयेला दुपारी, हरेश्वर शेडमध्ये आणि सरू अंधेरीला असताना, दोघांनी पहारी घेतल्या आणि दगड उचकटला. तो वाटला होता त्यापेक्षा जाड निघाला. खालच्या अंगाला शिंपले चिकटलेले होते. रस्त्याच्या कामावरून उरलेली कुर्ल्याच्या खाणीची एक फरशी हिराजीनं आधीच आणून ठेवली होती. तिच्यावरचे छिन्नीचे टवके अजून ताजे होते. ती त्या जागी बेतून बसवली आणि दरजांत चुना भरला. काम नीट झालं. मग जुना दगड दोरानं बांधून होडीत घेतला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि ओहोटी लागल्यावर दोघं निघून गेले.

साडेपाचच्या सुमारास हरेश्वर शेडमधून घरी निघाला. त्या दगडाच्या अलीकडे थांबला, वाळूत उतरला, चांगुणाच्या ओट्याला हात लावला. रोजच्यासारखा पलीकडे चढला असता आणि घरी गेला असता. त्याला कधी कळलंही नसतं.

चांगुणा ओट्यावरच बसली होती. दिवसभर ती याच घटकेची वाट पाहत होती.

"दादा, आता वालूत कशाला उतरता? गेला तो!"

"कोन गेला?"

"दगड वो! तुमच्या पोरानं काढला. दर्याला दिला आज. लई पुन्याचं काम केलं धर्मानं."

हरेश्वरचा हात ओट्यावरच राहिला. चांगुणाला वाटलं, म्हाताऱ्याचा विश्वास बसत नाही. ती खाली उतरली, त्याचा दंड धरला. "या, दाखवते," म्हणाली आणि त्याला वाळूतून वर घेऊन आली. "ठेवा पाय. ठेवा ना. घाबरू नका, नवा हाय."

त्यानं पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. फरशी खरखरीत होती. तळव्याला टोचत होती. आजूबाजूचे दगड पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेले, आणि मधे हा.

"सरल हाय का नाय?"

"सरल हाय," हरेश्वर म्हणाला.

सरू तेव्हा बाजारातून परत येत होती. देवळाच्या बाजूनं पाखाडीवर उतरताना तिला सासरा दिसला. रिकामी टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती उभी राहिली. तो त्या जागेवर दोन्ही पाय ठेवून उभा होता आणि चांगुणा त्याच्या शेजारी हसत होती. सरूनं खाली पाहिलं तेव्हा तिला चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसल्या.

दोघं घरी आली. तिनं पाणी दिलं. हरेश्वरनं ते प्यायलं नाही, भांडं हातात धरून बसला.

"मी सांगायला पायजे होतं," सरू म्हणाली. "ह्यांना सांगितलं असतं तर हात लावला नसता त्यांनी. उद्या होडी आली का सांगते."

"नाय सांगायचं."

"मामा—"

"एकदा आई गेली त्याच्या हातून. त्याच्या मनात तसंच हाय ना? आता हे कललं तर म्हनंल, दुसऱ्यांदा मीच नेलं तिला." त्यानं भांडं खाली ठेवलं. "नाय सांगायचं, सरू. कधीच."

ती रडायला लागली. हरेश्वरनं तिला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं त्यानं भात किती शिजवायचा ते विचारलं, कारण दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला येणार होती.

होडी रात्रीच्या भरतीबरोबर परत आली. सकाळी वर्षश्राद्धाची तयारी चालू असताना धर्मा बापासमोर येऊन बसला. त्याची अंघोळ झाली होती, केसांतून पाणी गळत होतं.

"बाबा, चांगुणावैनीनं सांगितलं म्हने."

"हां."

"तुमाला इचारायला पायजे होतं. पन म्हटलं, नाव काढलं तरी तुमाला तरास होईल."

"बरं केलंस," हरेश्वर म्हणाला.

धर्मानं श्वास सोडला. तो आवाज हरेश्वरला ऐकू आला. वर्षभर त्यानं तसा आवाज पोराकडून ऐकला नव्हता. सरू दाराशी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"किती पान्यात सोडलास?"

"लई खोल. डोली लावतात त्या कवाच्या पलीकडं. जाल्यात यायचा नाय कुनाच्या."

"सोडलास का टाकलास?"

"सोडला, बाबा. दोर लावून हलूहलू सोडला. मग दोर कापला."

हरेश्वरनं मान हलवली. अजून एक प्रश्न त्याच्या तोंडाशी आला होता आणि तो त्यानं विचारला. "पालथा गेला का उताना?"

धर्माला प्रश्न कळला नाही. त्यानं आठवून पाहिलं. "उताना असंल," म्हणाला. "दोर तसा बांधला होता. का हो?"

"काय नाय. उगाच."

पिंड किनाऱ्यावर ठेवला. कावळा लगेच शिवला. कृष्णाबाईच्या मनात काही राहिलं नाही, असं सगळे म्हणाले. चांगुणा तर दोनदा म्हणाली.

त्यानंतर हरेश्वर वाळूत उतरायचा थांबला. पहाटे घरातून निघतो, कोपरा उडालेल्या दगडावरून पुढे होतो, नव्या फरशीवर एक पाय पडतो आणि तो चालत राहतो. पहिल्या दिवशी धर्मा पाठीमागून पाहत होता. बाप सरळ गेला. धर्मा घरात येऊन सरूला म्हणाला, "बघितलंस? एक वरीस त्या धोंड्यानं फिरवलं त्यांना." त्या रात्री तो झोपेत उठला नाही. त्यानंतरही उठला नाही.

कोळीवाड्यातल्या लोकांनाही बरं वाटलं. म्हातारा सावरला, असं ते म्हणतात. शेडमध्ये हिराजी पुन्हा तेलावरून चेष्टा करतो आणि हरेश्वर उत्तर देतो. उत्तरं आधीपेक्षा थोडी उशिरा येतात, पण ती कुणी मोजत नाही.

सरूनं एकच गोष्ट पाहिली आणि ती कुणाला सांगितली नाही. दोन दिवसांनी धर्मा होडीवर होता. ती टोपली घेऊन किनाऱ्यावर मासळी घ्यायला निघाली तर हरेश्वर तिच्या पुढे, पाखाडीवर. कोपरा उडालेल्या दगडाशी तो थांबला. मान थोडी वळवून त्यानं कानोसा घेतला. तिनं पाऊल वाजू दिलं नाही. मग तो डाव्या अंगाला वाळूत उतरला, ओट्याला हात लावला आणि पलीकडच्या दगडावर चढला. तिथं खाली कुणाचं डोकं नव्हतं, ते त्यालाही माहीत होतं. ती तिथंच उभी राहिली. तो शेडमध्ये शिरल्यावर ती किनाऱ्याकडे गेली, आणि त्या दिवशी अंधेरीला पोचायला तिला उशीर झाला.

धर्मा घरी असेल त्या दिवशी हरेश्वर सरळ जातो. नसेल त्या दिवशी वाळूतून.

आज मार्गशीर्ष वद्य सप्तमी. उद्या अष्टमीला भांग लागतो. भरतीओहोटीला जोर राहत नाही, डोली लावता येत नाहीत, होड्या किनाऱ्याला बांधून ठेवतात, आणि उधाण परत येईपर्यंत धर्मा घरीच असतो.